देव सोबत असतो म्हणतात, मग मला जाणवत का नाही?

रामकृष्णहरि ताई. तुमचा प्रश्न दुपारी वाचला, मग रात्री जेवण झाल्यावर परत वाचला, आणि आत्ता पहाटे उठून लिहायला बसलोय. मला नीट समजलंय का ते आधी सांगतो. तुमच्या मालकांना कॅन्सर निघाला, आठ महिने मुंबईला ट्रीटमेंट चालू आहे, दोन केमोच्या मधे गावी येता आणि तारीख आली की परत जाता. माहेरी सासरी दोन्हीकडे विठ्ठल, एकादशी, हरिपाठ सगळं लहानपणापासूनचं. पण दिवाळीनंतर नाव घ्यायला बसलं की आत काहीच हलत नाही, भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. सासूबाई म्हणतात तुझी श्रद्धा कमी पडते म्हणून गुण येत नाही. कोणीतरी अनुष्ठानाचे एकवीस हजार मागतंय. पोरगी विचारते विठोबाला बाबा दिसत नाहीत का. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय, देव खरंच सोबत असतो का आपण नुसती मनाची समजूत घालतो ते खरं सांगा, गोड गोड नको.

मी मंगळवेढ्याकडचा, ज्वारीच्या रानातला माणूस. माळ घातली त्याला छत्तीस वर्षं झाली, त्यातली बत्तीस वर्षं कीर्तन-प्रवचन करतोय. सप्त्यातलं कीर्तन सगळ्यांना दिसतं, पण माझं निम्मं आयुष्य दहाव्याच्या प्रवचनात गेलंय, म्हणजे ज्या घरात माणूस गेलंय त्या घरच्या लोकांसमोर बसून बोलायचं. कोणाचं तरणं पोर गेलेलं, कोणाचा मालक फास घेऊन गेलेला, कोणाची लेक बाळंतपणात गेलेली. तिथं गोड बोललेलं चालत नाही, समोरच्या बाईचे डोळेच सांगतात की महाराज, हे मला नका सांगू. त्यामुळे जे त्या घरांमधे टिकलं आणि जे माझ्या स्वतःच्या घरात टिकलं तेवढंच लिहितो.

आधी एकवीस हजारांचं संपवू. देऊ नका. एक रुपयाही देऊ नका. वारकरी पंथात देवाच्या नावाचा दर नसतो, तुकोबांनी तर सांगून ठेवलंय की जिथं कीर्तन करायचं त्या गावचं अन्नसुद्धा घेऊ नये, कपाळाला बुक्का लावून घेऊ नये, गळ्यात हार घालून घेऊ नये. जो माणूस म्हणतो मी अनुष्ठान करतो आणि गाठ विरघळते, त्याला देवाशी काही देणंघेणं नाही, आणि चमत्काराच्या नावाने फसवून पैसे उकळणं हा आपल्याकडे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. पैशाचीच अडचण असेल तर हॉस्पिटलमधे महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा आरोग्यमित्र बसतो त्याला भेटा, रेशनकार्ड आधार घेऊन जा, आणि सोशल वर्कर असतात त्यांना सगळं मोकळं सांगा, लाजू नका. मी चार-पाच कुटुंबांबरोबर या खिडक्यांवर उभा राहिलोय, वेळ लागतो, चकरा होतात, पण काम होतं.

आता सासूबाईंचं. त्यांचा लेक आजारी आहे हो, त्या घाबरल्यात, घाबरलेलं माणूस कोणावर तरी खापर फोडतं. त्यांच्याशी भांडू नका. पण त्यांचं म्हणणं मनात ठेवूही नका, कारण ते खोटं आहे, आणि ते खोटं आहे हे मी आमच्याच मातीतल्या एका माणसाच्या आधाराने सांगतो.

चोखोबा. चोखामेळा. मंगळवेढ्याचे. त्यांच्यापेक्षा जास्त श्रद्धा कोणाची होती सांगा मला. ज्या देवासाठी आयुष्य झिजवलं त्याच्या देवळाची पायरी त्यांना चढू दिली नाही, आणि तरी हा माणूस महाद्वाराबाहेर उभा राहून म्हणत होता की माझा विठोबा माझ्याजवळ आहे. (दार देवाने लावलं नव्हतं, माणसांनी लावलं होतं, ते उघडायला १९४७ साली सानेगुरुजींना पंढरपुरात उपोषण करावं लागलं, म्हणजे सहाशे वर्षं गेली.) तर या चोखोबांना मंगळवेढ्याला गावकुसाच्या भिंतीच्या कामाला लावलं, आणि १३३८ साली ती भिंत पडली आणि बाकीच्या मजुरांबरोबर चोखोबा खाली गाडले गेले. भिंत थांबली नाही ताई. देवाने हात घालून धरली नाही. श्रद्धा कमी होती म्हणून? असं म्हणायची कोणाची छाती आहे?

पुढचं तुम्हाला माहितीय, पंढरपूरहून नामदेवराय आले, ढिगाऱ्यातून हाडं काढली, पण एवढ्या मजुरांच्या हाडांत चोखोबांची कुठली हे कसं ओळखायचं, तर एकेक हाड कानाला लावलं आणि ज्यातून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं ती वेगळी काढली. ती हाडं पंढरपूरला आणून महाद्वारासमोर पुरली, आजही नामदेव पायरीच्या समोर चोखोबांची समाधी आहे. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो, कीर्तनात शेकडो वेळा सांगितली, आणि खरं सांगतो, पन्नाशी उलटेपर्यंत मला वाटायचं की हा चमत्कार आहे, हाडं बोलली. माझ्यावर वेळ आली तेव्हा ती मला वेगळी ऐकू आली. देव भिंतीवर नव्हता, हाडात होता. भिंत पडू नये म्हणून राखण करत बसलेला नव्हता, भिंत पडली तेव्हा चोखोबांबरोबर खाली होता. सोबत म्हणजे हे. सोबत म्हणजे संकट येणार नाही याची हमी नाही. अशी हमी आपल्या एकाही संताला मिळाली नाही, ज्ञानोबांच्या आईवडिलांना देहांत प्रायश्चित्त घ्यावं लागलं, तुकोबांची पहिली बायको दुष्काळात अन्न अन्न करत गेली, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय, आणि पोरगाही गेला. मग तुमच्या मालकांचा रिपोर्ट वाईट आला तो तुमच्या हरिपाठात खोट आहे म्हणून, हे कुठल्या संताच्या तोंडून ऐकलंय कोणी?

तुमचा खरा प्रश्न मात्र पुढचा आहे. सोबत असेल तर मग जाणवत का नाही.

ताई, मालकांना केमोनंतर तोंडाला चव लागते का? नसेलच लागत. बहुतेकांचं तेच होतं, पाणीसुद्धा कडू लागतं, आवडीचं पिठलं पुढं केलं तरी तोंड फिरवतात. मग तुम्ही काय करता? चव नाही म्हणून ताट उचलून नेता का? नाही, वाटीत मऊ भात घेऊन बसता, एक चमचा, परत एक चमचा, घ्या हो थोडं, एवढा एकच घ्या. का? कारण तुम्हाला माहितीय की चव गेलीय ती जिभेची, भातातलं अन्न कुठं गेलेलं नाही. ते पोटात गेलं की आपलं काम करणार, त्याला कळो न कळो.

नावाचं अगदी तेच आहे. आठ महिने जागरण, रिपोर्ट, पैसे, एसटी, लोकल, पोरीची शाळा, या सगळ्यात तुमच्या मनाची जीभ गेलीय. त्याला श्रद्धा गेली म्हणत नाहीत. चव गेली म्हणून नाव कोरडं लागतंय, भिंतीशी बोलल्यासारखं लागतंय. अशा वेळी पोटभर जेवायचा हट्ट धरू नये. तासभर बसेन, डोळ्यात पाणी येईपर्यंत नाव घेईन, असं काही करायला जाऊ नका, त्याने अजूनच पोकळ वाटतं. एक चमचा. सत्तावीस अभंगांचा हरिपाठ अर्ध्या तासाचा आहे, तो होत नसेल तर एक अभंग म्हणा, तो होत नसेल तर एक ओळ, ती होत नसेल तर श्वास घेताना रामकृष्ण आणि सोडताना हरि. बिलाच्या रांगेत, लिफ्टची वाट बघताना, सलाईन संपत आलंय का बघताना. काही वाटलं पाहिजे अशी अटच काढून टाका.

हे मी पुस्तकातून नाही सांगत, मी आईकडे बघितलंय. १९७२ चा दुष्काळ, मी तेव्हा आठ वर्षांचा. रानात नुसती ढेकळं, जनावरं सोडून दिलेली, रेशनवर ती लाल मिलो ज्वारी मिळायची, आणि अख्खं गाव तलावाच्या कामावर खडी फोडायला. दुपारी पोरांना सुकडी मिळायची म्हणून आम्हीही आईबरोबर जायचो. आई उन्हात बसायची, एक पाय दुमडून, डोक्यावर पदर, तळहाताला फडकं गुंडाळलेलं, ते फडकं दुपारपर्यंत लाल व्हायचं. घण वर जायचा तेव्हा विठ्ठल, खाली यायचा तेव्हा काही नाही, नुसता श्वास. वर विठ्ठल, खाली श्वास. चाल नाही, सूर नाही, चेहऱ्यावर भक्ती बिक्ती काही नाही, चेहऱ्यावर नुसती धूळ. मी एकदा विचारलं, आये, विठोबा कुठाय गं? तर तिने हात न थांबवता सांगितलं, ह्यो काय, माझ्या शेजारी बसलाय, त्यालाबी मुकादमाला ब्रास मोजून द्यायचाय. मला तेव्हा खरंच वाटलं की शेजारी कोणीतरी बसलंय, मी बघितलं तर तिकडं आमच्या गावची एक आजी बसली होती, खडी फोडत होती, तिचा ढीग कमी पडला की आई आपल्या पाटीतली खडी तिच्या ढिगावर टाकायची.

आई शाळेत गेलेली नव्हती. पण जनाबाईंचं जातं तिला माहिती होतं, पंढरपूरजवळ गोपाळपूरला अजून दाखवतात ते. दळताना, शेण्या वेचताना देव हाताखाली येतो हे तिने ऐकलेलं होतं आणि तेवढ्यावर तिने तो दुष्काळ काढला. देव जाणवतो का असा प्रश्न तिने कधी विचारला असेल असं मला वाटत नाही, तिला तेवढी उसंतच नव्हती. ती त्याला कामाला लावून मोकळी.

आता माझं. हे मी कीर्तनात सांगत नाही, पण तुम्ही खरं सांगा म्हणालात. २०२१ च्या एप्रिलमधे आमच्या हिला कोरोना झाला. ऑक्सिजन ब्याऐंशीवर आला, बेड मिळेपर्यंत रात्र गेली, नंतर नऊ दिवस आत. मला आत जाऊ देत नव्हते, ते बरोबरच होतं, मी बाहेर झाडाखाली बसून अखंड नाम घेत होतो. बत्तीस वर्षांपैकी तेव्हापर्यंतची सगळी कमाई पणाला लावून घेत होतो. दहाव्या दिवशी पहाटे ती गेली. शेवटचं तोंडसुद्धा नीट बघता आलं नाही.

त्यानंतर माझ्या तोंडून नाव बंद झालं. माळ गळ्यात होती, टिळा लावत होतो, लोकांनी विचारलं तर रामकृष्णहरि म्हणत होतो, पण एकटा बसलो की शब्द घशाच्या वर येत नव्हता. रागसुद्धा नव्हता सुरुवातीला, नुसतं कोरडं. दुसऱ्यांच्या घरी दहाव्याला जाऊन मी जे जे बोललो होतो ते सगळं एकेक करून परत माझ्याकडे येत होतं. त्यात लोक यायचे समजूत घालायला, आणि एकाने गाडगेबाबांचं सांगितलं, की पोरगा गेल्याचं कीर्तनात कळलं तर बाबा म्हणाले, मेले ऐसे कोट्यानुकोटी, काय रडू एकासाठी. बाबा थोर होते, त्यांचा तो अधिकार होता. पण दुसऱ्याच्या दुःखावर हे वाक्य नेऊन ठेवायचा अधिकार कोणालाच नाही. मी त्या दिवसापासून एक गोष्ट बंद केली, कोणाच्याही घरी जाऊन हे उदाहरण देणं. तुम्हाला कोणी दिलं तर ऐकून घ्या आणि सोडून द्या.

मग त्या वर्षी नवरात्रात, ७ ऑक्टोबरला, मंदिरं उघडली. आमच्या देवळात संध्याकाळचा हरिपाठ परत सुरू झाला. मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी आमचे विणेकरी घरी आले, ऐंशीच्या पुढचे, मला कीर्तन त्यांनीच शिकवलं. उंबऱ्यात बसले. चल म्हणाले. मी म्हणालो, नाना, तोंडातून निघत नाही. ते म्हणाले, गायला कोण सांगतंय, टाळ वाजव. गायला बाकीची आहेत. मी गेलो. मागच्या ओळीत उभा राहिलो, टाळ वाजवला, तोंड मिटून. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी परत. कोणी मला काही विचारलं नाही, कोणी माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. दोन आठवडे उलटून गेले असतील, एक दिवस विठोबाच्या रूपाचा अभंग चालू होता आणि माझ्या लक्षात आलं की शेजारचा म्हणतोय त्याच्याबरोबर मीही पुटपुटतोय. केव्हापासून ते मला माहीत नाही. उजेड बिजेड काही दिसला नाही ताई, अंगावर काटा आला नाही, विठोबा येऊन उभा राहिला नाही. घरी आलो, भाकरी खाल्ली, आणि त्या रात्री बऱ्याच दिवसांनी सलग झोपलो.

तेव्हा मला कळलं की ते सहा महिने तो गेलेला नव्हता. माझं तोंड बंद होतं तेव्हा तीस-चाळीस माणसांच्या तोंडाने नाव चालूच होतं आणि माझ्या हातात टाळ होता. आपल्या पंथात दिंडी आहे, एकट्याची साधना नाही, ती याच्यासाठीच आहे असं मला आता वाटतं. एकाची शक्ती संपली की दुसरा ओढतो. म्हणून तुम्हाला सांगतो, मुंबईत जिथं उतरता तिथं जवळपास कुठं हरिपाठ होत असेल, देवळात, चाळीत, धर्मशाळेत, तर तिथं आठवड्यातून एकदा जाऊन नुसत्या बसा. म्हणू नका काही. दुसऱ्यांच्या तोंडून ऐका. जाता येत नसेल तर फोनवर लावा आणि डोळे मिटून पडा, तेही चालतं.

आणि आता राग. तुम्ही लिहिलंय की कधीकधी देवाला वाटेल तसं बोलावंसं वाटतं आणि मग भीती वाटते की पाप लागेल. बोला. खुशाल बोला. जनाबाईंनी अंगणात उभं राहून विठोबाला शिव्या दिल्यात, अरे विठ्या म्हणून, आणि तो अभंग आपण आजही म्हणतो. नामदेवराय दारात उभं राहून म्हणाले की तू पतितपावन आहेस असं ऐकून आलो होतो, तसा नाहीस म्हणून परत चाललो. तुकोबांनी तर माझ्या लेखी देव मेला इथपर्यंत लिहिलंय. वह्या इंद्रायणीत बुडवल्या तेव्हा ते काठावर अन्नपाणी सोडून बसले, आणि तेरा दिवस झाले तरी तू पावत नाहीस असं देवाला तोंडावर सुनावलं. तेरा दिवस म्हणजे थोडे नाहीत, बसून बघा म्हणजे कळेल. आपण तेराव्या दिवसानंतरची गोष्ट सांगतो, वह्या वर आल्या, आणि मधले दिवस गिळून टाकतो. तुम्ही आत्ता त्या मधल्या दिवसांत आहात.

आपण सगळे म्हणतो तो अभंग घ्या, जेथें जातों तेथें तूं माझा सांगाती. लग्नपत्रिकेपासून दुकानाच्या पाटीपर्यंत सगळीकडे ही ओळ असते. पण पुढं जाऊन वाचा. चालविसी हाती धरूनियां, असं आहे. उचलून नेतोस असं नाही. पाय आपलेच, दमणं आपलंच, हात तेवढा त्याचा. आणि त्याच अभंगात पुढं आहे, बोलों जातां बरळ करिसी तें नीट, नेली लाज धीट केलों देवा. म्हणजे मी काहीबाही बरळतो ते तू सरळ करून घेतोस, माझी लाजच घालवलीस, धीट केलंस मला. ज्याच्याशी बरळता येतं तो लांबचा असेल का? परक्या माणसापुढं आपण तोंड आवरतो, नीट बसतो, चहा घेता का विचारतो. बडबड, रुसवा, आदळआपट हे घरच्या माणसापुढंच होतं. तुम्हाला देवावर चिडावंसं वाटतंय याचा अर्थ तुमचं नातं तुटलेलं नाही. माझ्या अनुभवात ज्यांचं खरंच तुटतं ती माणसं चिडत नाहीत, ती विषयच काढत नाहीत. त्यामुळे रात्री झोपायच्या आधी, मालक झोपल्यावर, खिडकीपाशी जाऊन जे आहे ते त्याला सांगा, आपल्या भाषेत, घाण शब्द आले तरी येऊ द्या. मनात दाबून वर हरिपाठ म्हणत बसलात तर तो हरिपाठ कोरडाच जाणार.

समजूत घालतो का आपण मनाची, हे विचारलंत. मी दोन गोष्टी बघितल्यात त्या सांगतो, मग तुम्ही ठरवा. मनाची समजूत जी असते ना, ती भिंत पडली की तिच्याबरोबर पडते. सगळं चांगलं होईल, देव काही वाईट करणार नाही, हे वाक्य घेऊन बसलेली माणसं पहिल्या वाईट रिपोर्टला कोसळतात, आणि मग देवालाही सोडतात आणि औषधालाही कंटाळतात. दुसरी माणसं असतात जी म्हणतात होईल ते होईल पण तो आहे बरोबर, ती रडतात, चिडतात, पण सकाळी उठून डबा भरतात. या दुसऱ्यांकडे असं काहीतरी असतं जे परिस्थिती बदलली तरी हलत नाही. त्याला मी सोबत म्हणतो. सिद्ध करून दाखवता येत नाही मला. पण मी आईच्या घणात ते बघितलंय.

ते बहुतेक वेळा माणसांच्या हाताने येतं, हेही लक्षात ठेवा. गाडगेबाबांचं घ्या. ज्यांनी आयुष्यभर देव दगडात शोधू नका म्हणून सांगितलं, त्यांच्या नावाच्या धर्मशाळा मुंबईत आहेत, जेजे हॉस्पिटलजवळ, दादरला, तिथं गावाकडून आलेले पेशंट आणि त्यांच्या नातेवाइकांना राहायला जागा मिळते. तुम्ही राहताय तिथं अडचण असेल तर चौकशी करा. आणि शेजारच्या पेशंटची बायको तुमच्यासाठी चहा घेऊन येते असं तुम्ही लिहिलंय, अगदी जाता जाता लिहिलंय, पण मला तुमच्या अख्ख्या पत्रात तेच जास्त दिसलं. तिची भाषा तुम्हाला कळत नाही म्हणालात. तिला नाही म्हणू नका. कधी तुम्ही तिच्यासाठी न्या.

अजून एक, आणि हे टाळू नका. तुम्ही लिहिलंय झोप लागत नाही, जेवण जात नाही, आणि दोनदा असं वाटलं की आपण नसलेलंच बरं. हे श्रद्धेने बरं करायचं दुखणं नाही. पायात काटा मोडला तर आपण नाव घेत घेत काटा काढतोच ना. हॉस्पिटलमधे समुपदेशक असतात, डॉक्टरांना सांगितलं तर ते नाव देतात, पेशंटबरोबर घरच्यांनाही बघतात. आणि रात्री अपरात्री तसा विचार आला तर १४४१६ ला फोन करा, ती सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असते, मराठीत बोलतात. मीसुद्धा २०२१ मधे गोळ्या घेतल्या, पाच महिने, डॉक्टरांनी दिल्या म्हणून, आणि त्याच हाताने टाळ वाजवला. दोन्हीचा उपयोग झाला. आज, हे वाचून झालं की, घरातल्या एका तरी माणसाला सांगा की असा विचार आला होता. तुमच्या भावाला सांगा, तुम्ही लिहिलंय तो दर आठवड्याला फोन करतो.

राहिली पोरगी. दहा वर्षांची आहे ना, मग तिला खोटं सांगू नका, मुलांना कळतं. विठोबा बाबांना बरं करणारच असं वचन देऊ नका, ते तुमच्या हातात नाही, आणि उद्या काही उलटं झालं तर तिचा बापही जाईल आणि देवही. तिने विचारलं विठोबाला बाबा दिसत नाहीत का, तर सांगा दिसतात. मग ती विचारेल मग बरं का करत नाही, तर सांगा मलाही माहीत नाही बाळा, मीही त्याला रोज विचारते, आपण दोघी मिळून विचारू. आणि खरंच विचारा, दोघी बसून, मोठ्याने, दिव्यासमोर. तिला काहीतरी काम द्या, रात्री बाबांच्या उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवायचा आणि ठेवताना विठ्ठल म्हणायचं. मुलांना हाताला काम लागतं, नुसत्या शब्दांवर त्यांचं भागत नाही. मोठ्यांचंही नाही भागत.

येत्या एकादशीला मी पंढरपूरला जाणार आहे. दर्शनरांगेत उभा राहत नाही मी आता, गुडघे साथ देत नाहीत, नामदेव पायरीचं दर्शन घेतो आणि समोर चोखोबांच्या समाधीपाशी बसतो थोडा वेळ. तिथं तुमच्या मालकांसाठी सांगेन. नाव कळवलंत तर बरं, नसेल कळवायचं तर ताईंचे मालक म्हणेन. पुढची केमो कधी आहे ते तेवढं सांगा, त्या दिवशी संध्याकाळी आमच्या हरिपाठात तुमच्या वाटचा टाळ मी वाजवतो.